हलका हात

आई न्यूमोनियाने अकरा दिवस हॉस्पिटलात होती. त्या काळात तिला किती वेळा टोचलं, याचा हिशोब मी ठेवला नव्हता. तिने ठेवला होता. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती तो ऐकवायची, "सव्वीस वेळा. त्यातलं एकच कळलं नाही." न कळलेलं ते टोचणं रात्रपाळीच्या एका नव्या मुलीचं होतं. त्याआधी दोघांनी मिळून चार ठिकाणी बघितलं होतं, आईचे हात वांग्याच्या रंगाचे झाले होते, आणि आता आणखी कुणाला बोलवा म्हणायचं धैर्य माझ्यात उरलं नव्हतं. ती मुलगी आली, स्टूल ओढून बसली, आईचा हात उशीवर घेतला आणि बराच वेळ नुसतीच चाचपत राहिली. मला वाटलं, हिलाही सापडत नाहीये. ती गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "पोरीचा हात हलका आहे गं."

'हात हलका' हे आपल्याकडचं नर्सचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. तालुक्याच्या गावी लोक सिस्टरांची वाटणीच तशी करतात. अमकीचा हात हलका, तमकीचा जड. जड हाताच्या सिस्टरची ड्यूटी आहे हे कळल्यावर इंजेक्शन उद्यावर ढकलून परत फिरणारे आजोबा मी पाहिले आहेत. आणि हलका हात होतो कसा, हे हलक्या हाताच्या बायकांनाही सांगता येत नाही. "सवयीनं," म्हणतात. पुरणपोळी लाटणारीला विचारलं तर तीही हेच सांगेल.

यंदा पावसाळ्यात एका नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. त्यांच्याकडे व्हेन फाइंडर आलं होतं. हातावर धरलं की कातडीखालच्या शिरा दिसतात. मला आधी आईच्या सव्वीस टोचण्या आठवल्या, आणि मग एक खवचट प्रश्न पडला. शिरा दिसायला लागल्या म्हणजे सगळ्यांचेच हात हलके होतील का? मैत्रीण म्हणाली, "येऊन बस की चार दिवस." कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातलं आहे. नावं लिहिणार नाही असं मुलींना कबूल केलं होतं, म्हणून ती इथे नाहीत.

०००

स्किल लॅबमध्ये माझी पहिली ओळख एका रबरी हाताशी झाली. गव्हाळ रंगाचा, टेबलाला पट्ट्याने बांधलेला. आतून नळ्या फिरवलेल्या, वर स्टँडला लाल पाण्याची पिशवी टांगलेली. नळी नीट टोचली की सुईच्या मागच्या पारदर्शक कप्प्यात लाल थेंब चढतो. पाणीच असतं ते, पण मुली "ब्लड आलं!" असंच ओरडतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलने बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून सेमिस्टर पद्धत आणली, त्यात वॉर्डात पाऊल टाकण्याआधी लॅबमध्ये हात बसवण्यावर बराच भर आहे. त्यामुळे या रबरी हाताला विश्रांती अशी नाही. तीन वर्षं वर्गामागून वर्ग त्याला टोचतायत. नळीच्या वाटेवर त्याची चाळण झाली आहे. शीर शोधायला बोट लागतच नाही, भोकं दिसतात तिथे सुई घालायची. "या हातावर नापास झालेलं मी अजून कुणी बघितलं नाही," ट्यूटर मॅडम म्हणाल्या.

मशीन दिसायला दाढी करायच्या मोठ्या ट्रिमरसारखं. कुणीतरी ते आधी रबरी हातावरच धरलं. हिरवा चौकोन पडला, पण आत काहीच उमटेना. चार्जिंग संपलं की काय, यावर चर्चा झाली. मग मॅडमनी ते शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीच्या हातावर फिरवलं, आणि हिरव्या चौकोनात काळपट रेघा उमटल्या. मनगटापासून वर चढत जाणाऱ्या, मध्येच दुभंगणाऱ्या, पुन्हा मिळणाऱ्या. ओल्या मेंदीचं झाड असावं तशा. "अगं बाई," ती मुलगी स्वतःच्याच हाताकडे बघून म्हणाली. पुढची दहा मिनिटं शिकवणं बंद पडलं. प्रत्येकीला आपला हात बघायचा होता, मग पाय, मग कपाळ. त्या दिवशी मेसमध्ये नाश्त्याला शिरा होता, त्यामुळे आज शिरा खायचा की शिरा शोधायच्या, हा विनोद निदान पाच जणींनी स्वतंत्रपणे केला.

रबरी हातावर मशीन मुकं का झालं, यात त्याचं सगळं मर्म आहे. आमच्या शाळेच्या पुस्तकात हृदयाकडून निघणाऱ्या वाहिनीला रोहिणी आणि हृदयाकडे परतणारीला नीला म्हटलेलं असायचं. रोहिणी तांबडी, नीला निळी. नाव ठेवणाऱ्याने डोळ्यांना दिसलं तसं ठेवलं. नीलेतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. तांबडा प्रकाश कातडीत खोल उतरतो आणि शिरेतल्या रक्तात बराच जिरतो. निळा वरच्यावर परत फिरतो. म्हणून शिरेच्या जागेवरून आजूबाजूच्या मानाने तांबडं कमी परत येतं, आणि तेवढा पट्टा डोळ्यांना निळसर भासतो. तेही गोऱ्या कातडीवर. परदेशी पुस्तकांतल्या फोटोत दुधासारख्या हातावर निळ्या रेघा आखलेल्या असतात. आमच्या वॉर्डातल्या उन्हात रापलेल्या हातांवर तसलं काही दिसत नाही, त्यामुळे इथल्या नर्सची भिस्त पहिल्यापासून डोळ्यांपेक्षा बोटांवर.

तांबड्याच्या पलीकडे अवरक्त प्रकाश असतो. डोळ्यांना न दिसणारा. टीव्हीच्या रिमोटच्या टोकातून निघतो तोच. तो कातडी आणि चरबीतून काही मिलिमीटर सहज आत जातो, कातडीच्या रंगद्रव्याला फारशी दाद देत नाही, पण रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला शोषून घेतं. मशीन हा प्रकाश हातावर टाकतं, परत येणारा उजेड कॅमेऱ्याने टिपतं, जिथून कमी परत आला तिथे काळी रेघ धरतं, आणि ते चित्र हिरव्या उजेडात पुन्हा त्याच जागेवर पाडतं. सगळं इतक्या झटपट, की हात हलवला तर रेघाही बरोबर हलतात. पिशवीतल्या लाल पाण्यात हिमोग्लोबिन नव्हतं, म्हणून रबरी हात कोरा. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला हर्बर्ट झेमन नावाच्या संशोधकाने या कल्पनेवर काम केलं, आणि २००४ साली 'टाइम' साप्ताहिकाने वर्षातल्या लक्षवेधी शोधांत त्याचं उपकरण घेतलं. ते चाकांच्या स्टँडवरचं धूड होतं. हातात मावणारी मशीनं नंतरची. नावाजलेल्या कंपनीचं घ्यायला गेलं तर किंमत अजून लाखांत जाते. म्हणून कॉलेजात एकच आहे, आणि त्याची नोंद रजिस्टरमध्ये रुग्णासारखी होते. कधी घेतलं, कधी ठेवलं, कुणी सही केली.

०००

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खेळाचे नियम बदलले. "आधी टर्निकेट, मग बोट, मग पेन. मशीन सगळ्यात शेवटी."

मुली जोडीजोडीने बसल्या. सुया कपाटात. कोपराच्या चार-पाच बोटं वर रबरी पट्टा बांधायचा, जोडीदारणीने मूठ वळायची, आणि तर्जनीने शीर शोधून तिच्यावर स्केच पेनने रेघ मारायची. अंगठा चालणार नाही, त्याला स्वतःचा ठोका असतो, तो फसवतो. पट्टा मिनिटभराच्या वर ठेवायचा नाही. "शीर हाताला कशी लागते मॅडम?" एकीने विचारलं. मॅडमनी हवेत दोन बोटं चोळून दाखवली. "परकराची नाडी आत गेली की नेफ्यात चाचपता की नाही? तशी. दाबली की दबते, सोडली की वर येते. ठोका लागला तर ती धमनी, सोडून दे. ताठ दोरीसारखं लागलं तर बोटं हलवायला सांग. बोटांबरोबर हललं तर ती शीर नव्हे." हे मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. इतकं चोख वर्णन मला पुस्तकांत सापडलं नाही.

अर्ध्या तासाने मशीन फिरलं. बहुतेकींच्या रेघा मशीनच्या रेघांना लागून होत्या, एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने. दोन हातांवर मात्र थांबावं लागलं.

नंदुरबारकडच्या एका मुलीने मनगटाच्या आतल्या बाजूला ठसठशीत रेघ ओढली होती. हिरव्या उजेडात तिच्या निळ्या शाईखाली काहीच नव्हतं. खरी शीर बोटभर बाजूने गेली होती. मॅडमनी जोडीदारणीला मधलं बोट हलवायला सांगितलं, आणि शाईची रेघ टुणकन उडाली. स्नायूबंध. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग हातातलं पेन बंद करून तिने तीच जागा पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. चूक कशी लागते, हे तिला बोटात साठवून ठेवायचं असावं.

दुसरी बीडची. तिने कोपराच्या खोबणीत, जिथे बाहेरून काहीही दिसत नव्हतं, तिथे आडवी रेघ मारली होती. मशीन धरलं. कोरं. मशीन वर-खाली केलं, तरी कोरं. "चुकलं," ती स्वतःच म्हणाली. मॅडमनी आपलं बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडे एकदा फिरवलं, आणि म्हणाल्या, "कोण म्हणतं चुकलं? आहे की. चांगली जाड आहे. खोल आहे म्हणून याला दिसत नाही." हे मशीन फार तर सेंटिमीटरभर खोलवरचं बघतं, आणि तेही बरं चाललं तर. मुलीचा हात गुबगुबीत, वरती चरबीचा थर. कोपराच्या खोबणीतली मधली शीर ही रक्त काढायला सगळ्यात भरवशाची समजतात, पण ती बऱ्याचदा लागते, दिसत नाही.

त्या वेळी वर्गात जी शांतता पसरली, तिचं मला कौतुक वाटलं. लाखाचं मशीन नाही म्हणतंय आणि एकोणीस वर्षांच्या पोरीचं बोट आहे म्हणतंय. सगळ्याजणी आळीपाळीने येऊन त्या कोऱ्या हिरव्या चौकोनात बोट दाबून गेल्या.

मशीनची खरी करामत मला पुढच्या तासाला दिसली. मॅडमनी एका हातावर पट्टा बांधून उजेड धरला, एका बोटाने शीर दाबून ठेवली आणि दुसऱ्या बोटाने तिथून खांद्याच्या दिशेने रक्त पुढे सारलं. काळी रेघ पुसल्यासारखी नाहीशी झाली, पण पुढच्या एका गाठीपर्यंतच. गाठीच्या वर शीर भरलेली, खाली रिकामी. वरचं रक्त मागे येत नव्हतं. खालचं बोट उचललं आणि रेघ सर्रकन भरली. हा प्रयोग विल्यम हार्वेने १६२८ साली आपल्या पुस्तकात हाताची चित्रं काढून दाखवला होता, रक्त शिरांतून हृदयाकडेच वाहतं हे पटवायला. ती गाठ म्हणजे झडप. झडपेवर सुई गेली तर अडते, दुखतं. जिथे दोन शिरा मिळून इंग्रजी वाय होतो, त्याच्या किंचित खालून शिरायचं, तिथे शीर पळत नाही. हे सगळं फळ्यावर खडूने शिकवून झालेलं होतं. पण चारशे वर्षांपूर्वीची ती झडप आपल्याच मैत्रिणीच्या हातात बंद होताना पाहिली, तेव्हा एकीच्या तोंडून निघालं, "म्हणजे खरंच असतं हे!"

०००

वॉर्डात सकाळी सहाला रक्त काढायची वेळ. बाहेर अजून अंधार, आत ट्यूबलाइटा, चहाच्या किटलीचा आवाज. विद्यार्थी ट्रे घेऊन उभे. ट्रेमध्ये स्पिरिटचे स्वॅब, कापूस, मायक्रोपोर चिकटपट्टी, रंगीत टोपणांच्या बाटल्या ('बल्ब' म्हणतात त्यांना), आणि इंट्राकॅथ. इंट्राकॅथला रंगावरून हाक मारतात. १८ नंबर हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. बाळंतपणाला आलेल्या बाईला हिरवा, कारण रक्तस्राव झालाच तर भराभर भरता आलं पाहिजे. तान्ह्याला पिवळा.

सलाईन लावलेल्या पेशंटला वाटतं, सुई आत आहे, म्हणून तो हात लाकडासारखा धरून ठेवतो. आत फक्त मऊ प्लॅस्टिकची नळी असते. १९५० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये शिकत असलेल्या डेव्हिड मासा या डॉक्टरने सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवून आत सोडायची आणि सुई काढून घ्यायची, ही युक्ती काढली. त्याआधी खरंच धातूची सुई हातात राहायची. नव्या मुलांची सगळ्यात जास्त फजिती होते ती या नळीपायी. सुईचं टोक नळीच्या टोकापेक्षा जरासं पुढे असतं. रक्ताचा थेंब दिसला की सुई शिरेत पोचलेली असते, नळी अजून दारातच. थेंब दिसल्याच्या आनंदात तिथेच थांबून नळी ढकलली, तर ती शिरेला बाहेर ढोसते आणि हात फुगतो. थेंब दिसल्यावर सुई आडवी करायची, अजून दोनेक मिलिमीटर पुढे जायचं, मग नळी सरकवायची. हा दोन मिलिमीटरांचा धीर कुठल्याच उजेडात दिसत नाही.

त्या सकाळी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाला, वॉर्डाच्या भाषेत एका ब्रदरला, सत्तरीचे एक आजोबा मिळाले. उभा जन्म शेतात गेलेला, हातावर शिरा तट्ट. "घे बाबा, दोरखंड आहेत माझे," आजोबांनी हात पुढे केला. मशीनची गरजच नव्हती. ब्रदरने स्वॅब फिरवला, सुकू दिला, सुईचं तोंड वर धरलं, टोचलं. शीर बाजूला झाली. त्याने दिशा बदलली, शीर पुन्हा निसटली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त पायाचा अंगठा वळला. सीआय, म्हणजे सोबत असलेल्या शिक्षिका, पुढे झाल्या. "डावा अंगठा कुठे आहे तुझा?" म्हातारपणी कातडीखालचा आधार सैल होतो, शीर दिसते छान पण जागेवर थांबत नाही. डाव्या अंगठ्याने खालची कातडी ताणून धरली तर ती थांबते.

सुश्रुताने हे लिहून ठेवलंय. शारीरस्थानातल्या शिरावेधाच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो, की शिरांच्या बाबतीत कुणीच पुरता शिकलेला नसतो, त्या स्वभावानेच चंचल, माशासारख्या पलटतात, म्हणून जपून टोचावं. शस्त्रकर्मावर एवढा ग्रंथ रचणाऱ्या माणसाने दिलेली ही कबुली मला फार आवडते. सूत्रस्थानात त्याने सरावाची सोयही सांगितली आहे. कापायचा सराव कोहळ्यावर नि काकडीवर, शिवण्याचा कापडावर नि मऊ चामड्यावर, आणि शिरा टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर किंवा कमळाच्या देठावर. रबरी हाताचा पूर्वज कमळाचा देठ. देठ निदान प्रत्येक विद्यार्थ्याला नवा मिळत असेल.

डाव्या अंगठ्यापाशी मशीनचीही एक गोची होते. ते हातात धरायचं असतं. उजव्या हातात सुई, डाव्या हातात मशीन, मग कातडी ताणणार कोण? मैत्रिणीने धरलं तर तिचा हात हलतो, तिरकं धरलं तर रेघा खऱ्या शिरेच्या बाजूला पडतात. म्हणून स्टँड लागतं, आणि स्टँड वेगळं विकत घ्यावं लागतं. त्या वॉर्डात ते नव्हतं.

लहान मुलांच्या वॉर्डात मशीनवर सगळ्यांच्या आशा होत्या. जुलाबाने सुकलेलं दहा महिन्यांचं बाळ, मुठी गच्च, हात लोण्याच्या गोळ्यासारखे. आई बाहेर उभी, कारण तिला बघवत नाही. इथे मशीनने पायाच्या घोट्याजवळ एक बारीक रेघ दाखवली आणि इन्चार्ज सिस्टरांनी पहिल्याच फटक्यात पिवळा इंट्राकॅथ बसवला. मी मनातल्या मनात मशीनला शंभर गुण देऊन टाकले. सिस्टर हातमोजे काढत म्हणाल्या, "ही मला तशीही मिळाली असती. तिथे असतेच." त्यात फुशारकी नव्हती. जगभर झालेल्या अभ्यासांतून निघालेलं चित्र साधारण असंच आहे. मुरलेल्या नर्सच्या हातात हे मशीन दिलं, तर सरसकट सगळ्या मुलांमध्ये पहिल्या खेपेला जमण्याचं प्रमाण फारसं वाढत नाही. ज्यांच्या शिरा अवघड, त्यांच्यात मात्र काही अभ्यासांना फायदा दिसला. म्हणजे ज्याला वाट पाठ आहे त्याला नकाशाचा उपयोग कमी.

पण शिकणाऱ्याला वाट पाठ नसते. माझं मत असं झालंय, की मशीनचा उपयोग वॉर्डापेक्षा लॅबमध्ये जास्त आहे. आणि प्रत्यक्षात होतं उलटं. मशीन येतं ते वॉर्डाच्या नावाने, इन्चार्जांच्या कपाटात जातं, किल्ली त्यांच्या खिशात, हरवलं तर भरपाई त्यांच्या पगारातून. रात्री तीनला गरज पडते तेव्हा कपाट बंद. दिवसा विद्यार्थ्यांच्या हाती लागलं तर मुलं बोट न लावता थेट रेघेवर सुई ठेवतात. अशी मुलगी उद्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागली, सापाने डसलेला माणूस समोर आला, रक्तदाब घसरून शिरा आत बसलेल्या, लाइट गेलेले, तर तिच्याकडे काय असणार? मोबाइलचा टॉर्च असतो. बाळाच्या तळहाताखाली टॉर्च धरला की तळवा लाल उजळतो आणि वरून शिरांची सावली दिसते. गावाकडच्या सिस्टरांचं हे व्हेन फाइंडर फुकट आहे. दिवा तापत नाही ना, एवढं बघायचं.

सुई ज्याच्या हातात आहे त्यालाही ती लागू शकते. वापरलेली सुई टोचली, तर लस न घेतलेल्या माणसाला कावीळ बी होण्याची शक्यता शेकड्यात सहापासून तीसपर्यंत, एचआयव्हीची हजारात तीन. म्हणून टोपण परत लावायचं नाही, सुई हब कटरमध्ये तोडून पांढऱ्या डब्यात टाकायची. मुलींना हे झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. तरी पहिल्या फजितीनंतर हात थरथरतो तेव्हा सगळ्यात आधी विसरलं जातं ते हेच.

०००

शेवटच्या दिवशी मी स्वतःचा हात पुढे केला. डॉक्टरांनी उपाशीपोटी साखर तपासायला सांगून तीन महिने झाले होते, तेव्हा म्हटलं, इथेच काढू. माझ्या शिरा आईवर गेल्या आहेत. सँपल घेणारी मुलं माझा हात बघून सीनियरला हाक मारतात. सीआयनी मुद्दाम नंदुरबारच्या त्या मुलीला पुढे केलं. स्नायूबंधावर रेघ मारणारी ती. कॉलेजच्या हॉस्पिटलातली लॅब, स्टँडवर मशीन. इथे स्टँड होतं.

"काकू, नाव सांगा पूर्ण. जन्मतारीख?" मी इतके दिवस तिच्यासमोर बसलेली, तरी तिने विचारलं. पट्टा बांधला. कोपराच्या खोबणीत बोट. इकडे, तिकडे. काही नाही. दुसऱ्या हाताला बांधला. पुन्हा काही नाही. तिने वर पाहिलं नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मूठ उघड-मीट करायला लावली, हात खाली सोडायला लावला. पट्टा सोडला, जरा थांबून पुन्हा बांधला. मी आईची ती रात्र आठवत छताकडे बघत राहिले.

मग तिने मशीन माझ्या हातावर ओढलं. कोपरात कोरं, अपेक्षेप्रमाणे. तिने हात पालथा केला. अंगठ्याच्या बाजूने वर चढणारी, मनगटापासून चार बोटांवर, एक बऱ्यापैकी रेघ होती. तिथे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. तिने लगेच सुई उचलली नाही. रेघेवर तर्जनी ठेवली, दाबली, सोडली, दाबली. मग दुसऱ्या हाताने मशीनचा उजेड बंद केला आणि त्याच जागी पुन्हा बोट ठेवलं.

"आता लागतेय," ती स्वतःशीच म्हणाली.

डावा अंगठा खाली सरकला, कातडी ताणली. स्वॅब, मग तिने आकडे मोजत तो सुकू दिला. टोचल्याचं कळलं, उगाच खोटं कशाला सांगू, पण मुंगी चावावी इतपत. पिवळ्या टोपणाची बाटली भरली, मग जांभळी, शेवटी करडी. पट्टा सोडला, मग सुई काढली, कापूस दाबला. "हात वळवू नका काकू, सरळच ठेवा, दोन मिनिटं दाबून धरा." तिने माझ्यासमोरच लेबलं चिकटवली आणि मग पहिल्यांदा वर बघून हसली.

आईला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, "हात कसा होता पोरीचा?"

"होतोय," मी म्हटलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर १३८. यंदाच्या दिवाळीत घरात शिरा फक्त हातावर आहेत.